पोटावरची पिशवी आणि मनाची उभारी



१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतर बारा आठवडे ते पोटावर स्टोमा घेऊन जगले, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

स्टोमा म्हणजे काय?
ग्रीक भाषेत 'स्टोमा' म्हणजे मुख. कर्करोग, आतड्याचा जुनाट दाह किंवा जखम यांमुळे शस्त्रक्रिया करून आतड्याचे तोंड पोटावर काढतात. मल तेथून पिशवीत जमा होतो. काहींचा स्टोमा पुढे बंद करता येतो, काहींचा कायमचा असतो. त्याला आवळून धरणारा स्नायू नसल्यामुळे मल वा वायू थोपवता येत नाही.

मनाची जखम
टाके सुकतात, मन मागे राहते. बालपणी शिकलेला ताबाच सुटला, याची लाज वाटते. वास येईल, पिशवी गळेल या भीतीने माणूस लग्नकार्य टाळतो, मिस्सेला येत नाही, जोडीदारापासूनही दुरावतो. हा शोक आहे. तो दुबळ्या श्रद्धेचे लक्षण नव्हे.

कर्म नव्हे, कर्ता
रुग्णाने केवळ उपचारांचे कर्म बनून राहू नये, आपल्या आजाराचा कर्ता व्हावे, असा विचार पोपमहोदयांनी आपल्या डॉक्टरांपुढे मांडला. त्यांच्याच आग्रहावरून ५ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचा स्टोमा बंद करण्यात आला. पण ज्यांचा कायमचा आहे, त्यांनी कर्ता कसे व्हावे?

१. पिशवी स्वतः बदलायला शिका. स्टोमाला हळुवार स्पर्श केल्यास दुखत नाही. तो लाल व ओलसर असणे चांगले. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करा. हात सरावला की भीती ओसरते.

२. विश्वासातल्या एकाला तरी सांगा. लपवण्याचे ओझे पिशवीपेक्षा जड असते.

३. स्टोमासह जगणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला भेटा. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते.

४. झोप व भूक गेली, उदासी हटेना, तर डॉक्टरांना तेही सांगा.

घरच्यांनो, सुरुवातीला मदत लागेलच. पण सारे काही तुम्हीच करत राहिलात, तर तो पुन्हा 'कर्म'च होईल. त्याच्या हाताला सवय होऊ द्या. "देवाची इच्छा" म्हणून त्याचे रडणे थांबवू नका.

आणि आपण सर्वांनी एवढे करावे : कोणी दाराजवळच्या बाकावर बसले, मिस्सा चालू असताना उठून गेले किंवा शांततेत पोटाचा आवाज झाला, तर वळून पाहू नये. त्यांच्यासाठी कडेची जागा मोकळी ठेवावी. ज्यांना अजून बाहेर पडण्याचा धीर होत नाही, त्यांनी निरोप पाठवावा. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येईन.

आपले धर्मगुरू