यंत्राची परीक्षा

परीक्षेंत विद्यार्थी चुकला तर तो नापास होतो. परंतु एक परीक्षा अशीहि आहे कीं, तींत माणूस चुकला तर यंत्र नापास होतें.

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. त्यांतील ऱ्हस्व वेलांटी 'व' च्या डावीकडे असते. जुन्या टंकलेखनयंत्रावर ती आधीं उमटवीत. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ती उच्चाराप्रमाणें मागाहून येते. जन्मभर कचेरींत टंकलेखन केलेल्या आमच्या एका स्नेह्यांस नातवाच्या संगणकावर साधें पत्र लिहितां येईना. आपलें वय झालें, असें म्हणून ते उठून गेले. दोष वयाचा नव्हता.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं या अडचणीचा अभ्यास केला. त्यांच्या 'कीलेख' कळफलकावरील निबंध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें मांडलीं होतीं. लोकांकडून लिहवून पाहावें, अडखळतील तेथें बदलावें, असें तें काम चाललें. पुढें २०१३ मध्यें मोबाइलसाठीं 'स्वरचक्र' निघालें. 'क' वर बोट ठेवतांच भोंवतीं का, कि, की, कु अशीं रूपें उमटतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकवून उचलावें. वेलांटी आधीं कीं मागाहून, हा प्रश्नच उरत नाहीं.

आमचे विद्यार्थी पडद्यावर दाखवावयाचे पाठ तयार करितात. चित्रास बोट लावलें कीं उत्तर उघडतें. त्यांनींहि हीच रीत धरावी. एकास पाठापुढें बसवावें, काम सांगावें आणि गप्प राहावें. हें गप्प राहणेंच फार कठीण! "आवडलें का?" असें तर विचारूंच नये, पाहुणा अळणी भाजीलाहि चांगली म्हणतो. त्याचें बोट कोठें थांबलें, तेवढें टिपावें. याकोब नील्सन यांनीं २००० सालीं लिहिलें कीं, पांच जणांकडून सुमारें ८५ टक्के दोष कळतात. म्हणून पंधरा जण एकदम बसविण्यापेक्षां पांचांनंतर दुरुस्ती करून पुन्हा पांच बसवावे.

हे पांच एकाच बाकावरचे मात्र नसावे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतें, आणि आजहि एका वर्गांत दोन्ही भाषांचीं मुलें बसतात. हिंदी घरांतल्या मुलानें पाठाच्या कळीवर 'शिक्षा' असें लिहिलें, तर त्याच्या मनांत शिक्षण असतें. शेजारचा मराठी मुलगा त्या कळीला बोटहि लावणार नाहीं.