क्रीडागृहालगतचा खुला मंडप

हुबळी-धारवाड परिसरात गोल्फच्या क्रीडागृहालगत खेळाडू व पाहुण्यांसाठी खुला मंडप उभारावयाचा झाल्यास प्रथम विचार होतो तो उन्हाचा. वस्तुतः येथे खरी कसोटी पाहतो तो वारा. मलनाड संपून पूर्वेकडील मैदान जेथे सुरू होते, त्या उंचवट्यावर धारवाड वसले आहे. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेचा वारा पावसाच्या सरी तिरप्या करून आणतो.

छपराची कड जोत्यापासून २.४ मीटर उंच असेल आणि सर ४५ अंशांनी येत असेल, तर पाणी कडेपासून २.४ मीटर आत पोहोचते. यास्तव पश्चिमेची कड शक्य तितकी खाली आणावी व त्या बाजूस बैठकीऐवजी येण्याजाण्याची वाट ठेवावी. मावळतीचे ऊनही त्यामुळे अडते. उंच, ऐसपैस छप्पर नकाशावर शोभून दिसते खरे. आषाढात मात्र त्याखालील खुर्च्या मधोमध ओढाव्या लागतात. कल्याणी चालुक्यांच्या काळातील स्थपतींना हे उमगले असावे. या भागातील त्यांच्या अनेक मंडपांना खाली झुकलेले छज्जे आढळतात. हुबळी-गदग मार्गावरील अण्णिगेरी येथे अकराव्या शतकातील अमृतेश्वर मंदिराचे छत ७६ स्तंभांवर उभे आहे.

ते दगडी छत स्वतःच्या भारानेच स्थिर राहते. पत्र्याचे तसे नाही. भिंती नसल्यामुळे वारा पत्र्याखाली शिरून त्यास वर उचलतो. म्हणून छप्पर खांबांना आणि खांब पायाला पक्के जखडले पाहिजेत. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया कठीण मुरमापर्यंत न्यावा.

सर्वांत गंभीर बाब विजेची. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येताच मैदानावरील माणसे जवळच्या छपराखाली धावतात. खुला मंडप पावसापासून वाचवितो, विजेपासून नव्हे. तडितरक्षक बसविला, तरी त्याने मुख्यतः इमारतीचे रक्षण होते. शाळेच्या पटांगणातील शेडलाही हेच लागू आहे. तेव्हा मंडप मैदानाच्या दूरच्या टोकास न बांधता क्रीडागृहाच्या पक्क्या, बंदिस्त इमारतीपासून थोड्याच पावलांवर असावा व त्या बाजूचे दार खेळाच्या वेळी उघडे ठेवावे. गडगडाट ऐकू येताच सर्वांनी आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.