हमीचे मोल

बाजारात वस्तू विकल्या जातात, त्याचप्रमाणे वचनेही विकली जातात. वस्तू हातात घेऊन पारखता येते; वचन मात्र कागदावर असते आणि त्याची पारख प्रसंग ओढवल्यावरच होते. म्हणून वचन विकत घेताना अधिक सावध राहावे लागते. नाशिकमधील एका कुटुंबावर असा विचार करण्याची वेळ कशी आली, ते या पाठात सांगितले आहे.

पंचवटीत राहणाऱ्या या कुटुंबातील थोरल्या मुलीला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. अभ्यासासाठी लॅपटॉप आवश्यक होता. तिचे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर होते. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी ३७,००० रुपये जमवले होते. त्यांपैकी ३२,००० रुपये लॅपटॉपसाठी आणि उरलेले ५,००० रुपये पुस्तके व बसचा पास यांसाठी, असे घरात ठरले होते.

एके दिवशी सायंकाळी वडील, मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघे महात्मा गांधी मार्गावरील एका दुकानात गेले. साध्या बांधणीचा, पण कामास पुरेसा असा लॅपटॉप त्यांनी पसंत केला. पैसे मोजण्याची वेळ येताच विक्रेता म्हणाला, “साहेब, कंपनीची वॉरंटी एकाच वर्षाची आहे. आणखी ४,५०० रुपये भरलेत, तर पुढची दोन वर्षे काळजी नाही. उद्या मदरबोर्ड गेला, तर १२,००० रुपये लागतील!”

वडील क्षणभर घुटमळले. मग त्यांनी शांतपणे विचारले, “ही वाढीव वॉरंटी आजच घेतली पाहिजे का?”

“तसे नाही. पहिले वर्ष संपण्यापूर्वी केव्हाही घेता येते, दर मात्र बदलू शकतो,” विक्रेत्याने सांगितले.

“मग तिच्या अटींचा कागद तेवढा द्या. घरी वाचून ठरवतो,” असे म्हणून वडिलांनी लॅपटॉपचे पैसे दिले, बिल घेतले आणि तिघे घरी परतले.

त्या दिवशी निफाड तालुक्यातून आजोबा आले होते. तिकडे त्यांची द्राक्षबाग होती. सारी हकीकत ऐकल्यावर धाकटा म्हणाला, “आजोबा, तुम्ही दरवर्षी बागेचा विमा उतरवता. मग ताईच्या लॅपटॉपची वॉरंटी का घेऊ नये?”

आजोबा म्हणाले, “बाळ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बागा झोडपल्या गेल्या. बाग गेली की वर्षाचे उत्पन्न जाते आणि कर्ज मात्र डोक्यावर राहते. ते ओझे एकट्याला उचलवत नाही. म्हणून पुष्कळांनी थोडे थोडे पैसे द्यायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला सावरायचे, हा विम्याचा गाभा आहे. पण माझ्या फावड्याचा दांडा मोडेल म्हणून मी काही विमा उतरवीत नाही. दांडा मोडला, तर नवा बसवतो.”

हे ऐकून मुलगी हळूच म्हणाली, “आजोबा, माझा लॅपटॉप म्हणजे फावड्याचा दांडा नव्हे. परीक्षेच्या महिन्यात तो बंद पडला आणि घरात १२,००० रुपये नसले, तर माझे वर्ष वाया जाईल.”

सारे गप्प झाले. तिच्या म्हणण्यात तथ्य होते. थोड्या वेळाने वडील म्हणाले, “तुझी भीती खरी आहे, पोरी. पण भीतीच्या भरात पैसे द्यायचे नाहीत आणि कंजूषपणाने नाहीही म्हणायचे नाही. आपण हिशेबाने ठरवू.”

प्रथम त्यांनी अटींचा कागद मुलीला मोठ्याने वाचायला सांगितला. यंत्रात आपोआप उद्भवलेला दोष विनामूल्य दुरुस्त करून मिळणार होता. मात्र लॅपटॉप पडला, त्यावर पाणी सांडले किंवा पडदा फुटला, तर भरपाई नव्हती. बॅटरीचाही समावेश नव्हता. मुलगी म्हणाली, “म्हणजे बसमध्ये धक्का लागून तो खाली पडला, तर हा कागद काही कामाचा नाही!”

“आता यंत्रांचा स्वभाव पाहू,” वडील म्हणाले. “कारखान्यात मी पुष्कळ यंत्रे पाहिली आहेत. घडणीत दोष राहिला असेल, तर तो बहुधा सुरुवातीलाच दिसतो. नंतर बराच काळ यंत्र सुरळीत चालते आणि झिजले की पुन्हा कुरकुरू लागते. लॅपटॉपचे सुटे भागही बहुतांशी असेच वागतात. सुरुवातीचे दोष कंपनीच्या पहिल्या वर्षात निघतील. ज्या दोन वर्षांसाठी आपण ४,५०० रुपये द्यायचे, ती बहुधा शांततेची वर्षे असतील.”

मग त्यांनी पेन्सिल घेतली. “समजा, दुरुस्तीला ६,००० रुपये लागतात. ४,५०० हे ६,००० चे तीन चतुर्थांश झाले. म्हणजे चार यंत्रांपैकी तीन बिघडणार असतील, तरच हा सौदा बरोबरीचा. दुरुस्ती १२,००० ची धरली, तरी आठांपैकी तीन यंत्रे बिघडली पाहिजेत.”

धाकट्याने विचारले, “मग विकणाऱ्याला यातून काय मिळते?”

“समजा, १०० जणांनी वॉरंटी घेतली. ४,५०,००० रुपये जमले. त्यांतील २० यंत्रे बिघडली आणि प्रत्येकी ६,००० रुपये खर्च आला, तर १,२०,००० रुपये गेले. उरलेल्या रकमेतून कचेरीचा खर्च, दुकानाचे कमिशन आणि नफा निघतो. यात फसवणूक नाही. तो व्यापार आहे. पण तो आपल्याला समजला पाहिजे.”

“पण बाबा, माझ्या परीक्षेचे काय?” मुलीने पुन्हा विचारले.

“वॉरंटी यंत्र दुरुस्त करून देईल, दुरुस्तीत गेलेले दिवस परत देणार नाही. यंत्रात साठवलेले तुझे काम पुसले गेले, तर तेही परत मिळणार नाही. तेव्हा तुझ्या भीतीवर औषध निराळे आहे. दर शनिवारी सगळ्या कामाची नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. अडचण आली, तर महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा आहेच.”

शेवटी असे ठरले, की वाढीव वॉरंटी तूर्त घ्यायची नाही. पुस्तकांच्या पैशांना हात लावायचा नाही. मात्र दरमहा ३०० रुपये पोस्टातील बचत खात्यात टाकायचे. एका वर्षात ३,६०० आणि तीन वर्षांत १०,८०० रुपये साठतील. बिघाड झाला, तर पैसे हाताशी असतील. न झाला, तर ते आपलेच राहतील. पहिले वर्ष संपण्यापूर्वी कळफलक, पडदा, चार्जर सारे तपासायचे, दोष आढळल्यास दुरुस्त करून घ्यायचा आणि मग वॉरंटीचा पुन्हा विचार करायचा. ती ५०० रुपयांत मिळाली असती किंवा तिच्यात पडझडीचा समावेश असता, तर निर्णय कदाचित निराळा झाला असता.

आजोबांनी बिल एका पाकिटात घालून कपाटात ठेवायला लावले. तो कागद म्हणजे ग्राहकाची ढाल. ग्राहकांच्या हक्कांसाठी बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू मिळाल्यास ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही साहाय्य मागता येते. झिजेमुळे आलेला बिघाड कायदा दुरुस्त करून देत नाही, हे खरे. पण सदोष वस्तूविरुद्ध दाद मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि त्यासाठी निराळी वॉरंटी विकत घ्यावी लागत नाही.

जे नुकसान आपल्याला पेलणार नाही, त्याचा विमा उतरवणे हे शहाणपण होय. जे पेलता येईल, त्याच्यासाठी बचत करणे हेही शहाणपणच. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी कागद वाचावा लागतो, हिशेब करावा लागतो, आणि दुकानात उभे असताना “विचार करून सांगतो” एवढे म्हणण्याचे धैर्य लागते.

अभ्यास

१. वचन विकत घेताना अधिक सावध का राहावे लागते?
२. द्राक्षबागेचा विमा आणि लॅपटॉपची वाढीव वॉरंटी यांत आजोबांनी कोणता फरक सांगितला?
३. मुलीच्या भीतीवर वडिलांनी कोणता उपाय सुचवला? तो तुम्हांस पुरेसा वाटतो काय? सकारण लिहा.
४. वॉरंटीची किंमत १,५०० रुपये आणि दुरुस्तीचा खर्च ६,००० रुपये असेल, तर किती यंत्रांपैकी एक बिघडल्यास सौदा बरोबरीचा होईल?
५. घरातील एखाद्या वस्तूचे वॉरंटीपत्र वाचा व त्यात कशाचा समावेश नाही, ते लिहून आणा.
६. वाक्यात उपयोग करा : प्रसंग ओढवणे, घुटमळणे, दाद मागणे, हाताशी असणे.