आलिमाने तत्त्वज्ञान शिकावे काय?



एका जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीत थांबून राहिले. त्यांचा मुलगा मदरशातून आलिम झाला, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए.ही झाला. आता त्याला तत्त्वज्ञान विषयात एम.ए. करायचे आहे आणि इस्लामी व युरोपीय तत्त्वज्ञानाचा एकत्र अभ्यास करायचा आहे. वडील म्हणाले, "मौलाना, वकिली शिकतो म्हणाला असता तर मी कर्ज काढून शिकवलं असतं. पण हा फलसफा! लोक म्हणतात, त्यात माणसाचं ईमान जातं."

त्यांची काळजी खरी होती, म्हणून मी घाईने उत्तर दिले नाही. अशीच काळजी इतरही घरांत असेल, या विचाराने ते उत्तर येथे सविस्तर मांडतो.

१. हा विषय आपल्याला परका आहे काय?

'फलसफा' हा शब्द मूळचा ग्रीक आहे. अब्बासी काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांचे अरबीत भाषांतर झाले आणि अल-किंदी, अल-फाराबी, इब्ने सीना यांनी ही विद्या आत्मसात केली. पवित्र कुरआनचा शब्द 'हिकमत' आहे. सूरह अल-बकराच्या २६९ व्या आयतीत, ज्याला हिकमत लाभली त्याला फार मोठे कल्याण लाभले, असा आशय आला आहे. फलसफा म्हणजेच हिकमत, असे मी म्हणणार नाही. परंतु विचार करणे हे श्रद्धेचे शत्रू नाही, एवढे या आयतीवरून निश्चित होते.

दर्से निजामी शिकलेल्या विद्यार्थ्याने या विद्येचा उंबरठा आधीच ओलांडलेला असतो. तर्कशास्त्राचे त्याचे एक आरंभीचे पुस्तक 'ईसागोजी' असते. त्याचे लेखक असीरुद्दीन अबहरी, पण नाव मात्र ग्रीक आहे. तिसऱ्या शतकातील पोर्फिरी या तत्त्ववेत्त्याच्या पुस्तकावरून ते आले. पुढे 'अकाइदे नसफी' हाती येते. श्रद्धेचे हे पुस्तक कशाने सुरू होते? वस्तूंना खरे अस्तित्व आहे आणि ते जाणता येते, या विधानाने. मग ज्ञानाची तीन साधने येतात : निरोगी इंद्रिये, सत्य वार्ता आणि बुद्धी. युरोपात १६४१ मध्ये देकार्तने आपल्या 'चिंतनां'चा आरंभ नेमक्या याच जागी केला. इंद्रियांवर विश्वास ठेवावा काय, खात्रीचे ज्ञान कोणते, हेच त्याचे प्रश्न होते. आपला विद्यार्थी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसतो तेव्हा प्रश्न ओळखीचे निघतात, उत्तरे मात्र निराळी असतात.

२. भीती कोठून आली?

भीतीला आधार आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. इमाम गजाली (रह.) यांनी १०९५ च्या सुमारास 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ लिहिला. फलसफ्याच्या वीस मतांचे त्यांनी परीक्षण केले. त्यांतील तीन मते त्यांनी थेट कुफ्र ठरवली : विश्व अनादी आहे, अल्लाहला केवळ सामान्य तत्त्वांचे ज्ञान आहे, प्रत्येक घटनेचे स्वतंत्र ज्ञान नाही, आणि मृत्यूनंतर शरीरांचे पुनरुत्थान नाही. या तीन ठिकाणी खरोखर ईमानाचा प्रश्न आहे.

परंतु इमाम साहेबांनी आधी काय केले ते पाहा. बगदादच्या निजामिया मदरशात तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत असताना, फावल्या वेळात, दोन वर्षांहून थोड्या कमी काळात त्यांनी हे शास्त्र वाचून काढले. नंतर जवळजवळ वर्षभर ते त्यावर मनन करीत राहिले. तत्त्ववेत्त्यांची मते त्यांनी आधी 'मकासिदुल फलासिफा' या पुस्तकात विरोध न करता नीट मांडली आणि मगच खंडनाला हात घातला. एखाद्या शास्त्राचा तळ गाठल्याशिवाय त्याचे खंडन करणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय, अशी त्यांची धारणा होती. गणित आणि तर्कशास्त्र केवळ तत्त्ववेत्त्यांनी शिकवले म्हणून नाकारणाऱ्या माणसाला तर ते इस्लामचा अडाणी मित्र मानतात. असा मित्र धर्माचे नुकसानच करतो.

तेव्हा ज्यांचे नाव घेऊन आपण फलसफ्याला भितो, त्या इमामांनी तो सोडून दिला नव्हता. त्यांनी तो शिकून, तोलून, मग निवडला.

३. कापूस आणि आग

आपल्या खानदेशातील शेतकऱ्यालाही कळेल असे एक उदाहरण इमाम गजालींनी दिले आहे. कापसाला आग लागली की तो जळतो. आपण म्हणतो, आगीने जाळला. इमाम विचारतात, तुम्ही नेमके काय पाहिले? आग कापसाजवळ आली हे पाहिले आणि कापूस जळाला हेही पाहिले. पण आगीनेच आणि अनिवार्यपणे तो जाळला, हे 'अनिवार्यपण' डोळ्यांना कोठे दिसले? जाळणारा खरा कर्ता अल्लाह आहे. सृष्टीत दिसणारा नियमितपणा हा त्याचा परिपाठ आहे आणि त्याची इच्छा असेल तर आग हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यासाठी थंडही होते.

साडेसहाशे वर्षांनंतर, १७४८ मध्ये, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळजवळ हाच प्रश्न विचारला. एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो आणि दुसरा हलतो. दोन घटना दिसतात, त्यांमधील बंधन दिसत नाही. मात्र ह्यूम येथून दुसऱ्या वाटेने गेला. ते बंधन आपल्या मनाची सवय आहे, असे म्हणून तो थांबला. गजाली अल्लाहच्या सामर्थ्याकडे वळले, ह्यूम मनाच्या सवयीकडे. ह्यूमच्या या प्रश्नानेच आपल्याला जागे केले, अशी कबुली जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने दिली आहे.

आपल्या परंपरेतही या विषयावर एकच आवाज नव्हता. कुर्तुबाचे काजी इब्ने रुश्द (११२६–११९८) यांनी 'तहाफुतुत तहाफुत' लिहून इमाम गजालींना उत्तर दिले. कारणे नाकारली तर ज्ञानच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सूरह अल-हश्रच्या दुसऱ्या आयतीत दृष्टी असलेल्यांना बोध घेण्याची आज्ञा आहे. तिचा आधार घेऊन त्यांनी चिंतन हे शरीअतनेच सांगितलेले काम ठरवले. त्यांची भाष्ये लॅटिनमध्ये गेली आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ती अभ्यासली, काही ठिकाणी खोडूनही काढली. म्हणजे युरोपीय तत्त्वज्ञानाच्या इमारतीत आपल्या वाडवडिलांच्या विटा आहेत. हे अभिमानाने सांगणे सोपे आहे. त्या विटा कोठे आणि कशा बसवल्या आहेत हे दाखवायला मात्र अभ्यासच लागतो.

४. मणिबेलीच्या काठावर

कोणी म्हणेल, मौलाना, या पंडितांच्या गोष्टी झाल्या. आपल्या जगण्याशी यांचा काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर मला नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली येथे मिळाले.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, त्यांत सर्वांत आधी झळ पोहोचली ती मणिबेलीला. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरे पाण्याखाली गेली. नंतर शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयात बुडाले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असे सांगणाऱ्या जगभरातील संघटनांच्या जाहीरनाम्याला याच गावाचे नाव दिले गेले.

काही विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. काठावर उभे राहून एका मुलाने विचारले, "उस्ताद, हे पाणी अल्लाहच्या मर्जीनं आलं की माणसाच्या?" मी क्षणभर गप्प राहिलो. कापसाचा आणि आगीचा प्रश्नच त्याने पाण्याच्या रूपात विचारला होता.

सर्व काही अल्लाहच्या इच्छेने झाले, एवढेच म्हणून थांबलो, तर ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यावर काहीच जबाबदारी उरत नाही. सर्व माणसाने केले असे म्हटले, तर तकदीरवरील श्रद्धा डळमळते. आपल्या उलेमांनी यातून वाट काढली. कृत्याची निर्मिती अल्लाह करतो, परंतु माणूस ते आपल्या निवडीने 'कमावतो' आणि म्हणून त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. या विचाराला 'कस्ब' म्हणतात. शाम प्रदेशात प्लेग पसरला तेव्हा हजरत उमर (रजि.) सर्ग येथून परत फिरले. "अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय?" असा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. गुराखी हिरव्या उतारावर गुरे चारो की उजाड उतारावर, दोन्ही तकदीरच. पण निवड त्याची असते.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. पुष्कळांच्या लाभासाठी थोड्यांचे घर बुडवणे योग्य काय? इंग्लंडचा बेंथम जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाचा हिशोब मांडतो. कान्ट म्हणतो, कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. आपल्या फिकहमध्येही ही ओढाताण आहे. उस्मानी काळातील 'मजल्ला' या संहितेत लागोपाठ दोन सूत्रे येतात. एकाचा आशय असा की, एक हानी तशाच दुसऱ्या हानीने दूर करता येत नाही. दुसऱ्याचा आशय असा की, सार्वजनिक हानी टाळण्यासाठी व्यक्तीची हानी सोसली जाऊ शकते. कोणते सूत्र कोठे लावावे, हे ठरवायला तोललेली बुद्धी हवी.

येथेही हजरत उमर (रजि.) यांचाच एक प्रसंग सांगितला जातो. मस्जिदे नबवी वाढवायची होती आणि हजरत अब्बास (रजि.) यांचे घर मध्ये येत होते. त्यांनी घर द्यायला नकार दिला. निवाडा हजरत उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे गेला आणि तो खलिफांच्या विरुद्ध लागला : मालकाच्या संमतीशिवाय घर घेता येत नाही. निकाल लागल्यानंतर हजरत अब्बास (रजि.) यांनी स्वतःहून ते घर मशिदीसाठी देऊन टाकले. विचार करा, काम मशिदीचे, मागणारे खलिफा, तरीही आधी संमती!

त्या काठावर मी मुलांना एवढेच सांगता आले. बेंथम आणि कान्ट मी वाचले ते मराठीत बी.ए. करताना, तेही वरवर. त्या मुलाला याहून नीट उत्तर द्यायला दोन्ही विद्या खोलवर जाणणारा माणूस हवा होता. असे आलिम आपल्याकडे किती आहेत?

५. पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी

अक्कलकुव्याच्याच जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने धार्मिक शिक्षणासोबत अभियांत्रिकी आणि फार्मसीचे शिक्षण सुरू केले आणि आपल्या समाजाने ते आनंदाने स्वीकारले. शरीराच्या औषधाला आपली हरकत नाही, तर विचाराच्या रोगांचे निदान शिकायला हरकत का असावी?

खानदेशात या अभ्यासाची परंपराही आहे. अमळनेर येथे प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तेथे शिकलेल्या साने गुरुजींनी पुढे इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिले. एक हिंदू लेखक आपला धर्म समजून घेण्यासाठी एवढे कष्ट घेतो, हे आपण लक्षात ठेवावे. अल्लामा इक्बाल १९०५ मध्ये केंब्रिजला गेले, पुढे त्यांना म्युनिकहून इराणी तत्त्वचिंतनावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली आणि ते ईमानासह परतले. मराठीतून वाचणाऱ्यासाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' उपलब्ध आहे.

तरीही काही अटी पाळाव्यात. अकाइदचा पाया पक्का झाल्यावरच हा अभ्यास सुरू करावा. नमाज आणि तिलावत यांत खंड पडू देऊ नये. मनात शंका आली तर ती लपवू नये, विश्वासू उस्तादांसमोर मांडावी. दडपलेली शंका आत सडते, विचारलेली शंका ज्ञान होते. मोबाइलवरील दोन मिनिटांच्या वादविवादाला अभ्यास समजू नये. मूळ ग्रंथ वाचावेत, अरबीही आणि इंग्रजीही. आणि पालकांनी मुलाच्या प्रश्नाला रागावू नये. घरात उत्तर मिळाले नाही, तर तो ते बाहेर कोठेही शोधेल.

त्या गृहस्थांना मी अखेर म्हणालो, "भाईजान, मुलाला पाठवा. पण दर सुट्टीत त्याला माझ्याकडेही पाठवा. तो काय शिकला ते मला ऐकायचं आहे, आणि मलाही त्याच्याकडून शिकायचं आहे." ते थोडे हसले. काळजी पूर्ण गेली नव्हती, पण मुलाचा प्रवेश अर्ज त्यांनी स्वतः भरून आणला.

अल्लाह तआला आपल्या मुलांना उपयुक्त ज्ञान देवो, सत्य सत्य म्हणून दाखवो आणि त्यावर चालण्याची तौफिक देवो. आमीन.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. इमाम गजाली (रह.) यांनी खंडन करण्यापूर्वी काय केले? त्यातून आपण काय शिकावे?
२. तकदीरवर श्रद्धा ठेवूनही माणूस आपल्या कृत्याला जबाबदार कसा?
३. आपल्या गावात सार्वजनिक कामासाठी कोणाची जमीन वा घर जात असेल, तर हजरत अब्बास (रजि.) यांच्या प्रसंगावरून आपण काय भूमिका घ्यावी?