जुन्या गिटार-विवर्धकासाठी नवा ध्वनिक्षेपक
निर्वात नलिकांच्या जुन्या गिटार-विवर्धकाचा ध्वनिक्षेपक बदलताना प्रथम संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाहास होणारा विरोध, जुळवावा. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५९ सालच्या ‘बासमन’ विवर्धकात ८ ओहमचे चार ध्वनिक्षेपक समांतर जोडलेले असत. त्यांचा एकत्रित संरोध २ ओहम होई. त्यांच्या जागी १६ ओहमचे चार बसविल्यास तो ४ ओहम होतो व नलिकांवरील भार बदलतो. ध्वनिक्षेपक न जोडताच विवर्धक वाजविल्यास त्यातील रोहित्र निकामी होऊ शकते.

पूर्ण जोरात नलिका अंकित आकड्याहून अधिक शक्ती देतात. म्हणून ध्वनिक्षेपकाची सहनक्षमता त्याहून बरीच अधिक असावी. मात्र अधिक वॉट सोसणारा ध्वनिक्षेपक अधिक मोठ्याने वाजतोच असे नाही. ते त्याच्या संवेदनक्षमतेवर अवलंबून असते: तीत ३ डेसिबलांची वाढ म्हणजे विवर्धकाची शक्ती दुप्पट करण्यासारखेच होय.