ग्रंथालयाचे स्थापनावर्ष : दावा आणि पुरावा

शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या जोडीला गावात एखादे जुने वाचनालय असणे ही त्या गावाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय. अशा वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी साजरी होते, स्मरणिका निघते आणि दर्शनी फलकावर 'तालुक्यातील पहिले', 'जिल्ह्यातील सर्वांत जुने' अशी बिरुदे लिहिली जातात. ही बिरुदे पुढे शाळेच्या हस्तपुस्तिकेत, पंचायतीच्या ठरावात आणि शासकीय पत्रव्यवहारात उतरतात. एकदा छापले गेलेले वर्ष मग कोणी तपासून पाहत नाही.

वस्तुतः ते तपासून पाहणे आवश्यक असते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. ग्रंथालयांच्या सुवर्णमहोत्सव, शताब्दी यांसारख्या प्रसंगी साहाय्य देण्याची तिची योजना आहे. म्हणजे स्थापनावर्षाशी सार्वजनिक पैशाचा संबंध येतो आणि त्या वर्षाच्या दाखल्यावर कोणा अधिकाऱ्याची, मुख्याध्यापकाची किंवा सरपंचाची सही असते. याहूनही महत्त्वाची बाब न्यायाची आहे. स्थापनेचे वर्ष वीस वर्षे मागे ढकलले, की ज्यांनी खरोखर घरोघर फिरून वर्गणी जमविली आणि पुस्तके गोळा केली त्यांचे नाव पुसले जाते व ज्यांचा त्या कार्याशी संबंध नव्हता त्यांच्याकडे श्रेय जाते. म्हणून हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही; तो गावातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा आहे.

'सार्वजनिक' आणि 'पहिले'

कोणताही दावा तपासताना प्रथम त्यातील शब्द तपासावे लागतात. 'सार्वजनिक ग्रंथालय' या शब्दाचे निदान तीन अर्थ होतात. वर्गणी भरणाऱ्या कोणालाही खुले असलेले ग्रंथालय हा पहिला अर्थ. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३१ साली फिलाडेल्फिया येथे सुरू केलेले ग्रंथालय या प्रकारचे होते. विनामूल्य प्रवेश देणारे ग्रंथालय हा दुसरा अर्थ. लोकांनी दिलेल्या कराच्या उत्पन्नातून, कायद्याच्या आधाराने चालणारे ग्रंथालय हा तिसरा अर्थ. अमेरिकेतील पीटरबरो या लहानशा गावाने १८३३ साली गावनिधीतून ग्रंथालय चालविण्यास आरंभ केला, तर इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १८५० साली झाला. तिन्ही ठिकाणी 'आम्ही पहिले' असे म्हणता येईल आणि तिन्ही दावे आपापल्या अर्थाने खरे ठरतील.

आपल्याकडील ग्रंथालय कायद्यांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतातील असा पहिला कायदा १९४८ साली मद्रास प्रांतात झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. येथे 'संस्थानातील', 'स्वतंत्र भारतातील', 'महाराष्ट्र राज्यातील' ही विशेषणे गाळली, तर तीन खऱ्या विधानांतून एक निरर्थक वाद उभा राहतो. 'पहिले' हा शब्द विशेषणावाचून कधीही स्वीकारू नये, हा या तपासणीतील पहिला नियम होय.

महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांचे दावे

हा नियम महाराष्ट्राला लावून पाहू. मुंबईत १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने लिटररी सोसायटी स्थापन झाली. आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. तिचा ग्रंथसंग्रह अत्यंत मोलाचा; परंतु पहिल्या भारतीय सभासदाला, माणकजी करसेटजी यांना, तेथे प्रवेश मिळाला तो १८४० साली. तेव्हा १८०४ हे विद्वानांच्या संस्थेचे वर्ष झाले. जनतेसाठी खुल्या ग्रंथालयाचे वर्ष म्हणून ते सांगता येणार नाही.

रत्नागिरीचे नगर वाचनालय आपली स्थापना १८२८ सालची सांगते व त्यामुळे राज्यातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मान त्याला दिला जातो. अहमदनगरचे जिल्हा वाचनालय १८३८ हे वर्ष सांगते, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० हे सांगते. गोव्यात पणजी येथे पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. पुण्यात १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली; तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचा आरंभ १८५० चा.

या मालिकेत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे वर्ष १ जून १८९३, म्हणजे बरेच पुढचे आहे. तरीही त्याचे अग्रस्थान वेगळ्या अर्थाने अबाधित राहते. विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनी केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याच्या हेतूने ही संस्था काढली. त्यानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ रोजी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. 'मराठी ग्रंथांचे' हे विशेषण जोडले, की ठाण्याचा दावा रत्नागिरी किंवा पुणे यांच्या दाव्याच्या आड येत नाही.

१८३० पूर्वीच्या कोणत्याही दाव्याचा विचार करताना त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. छापील मराठी पुस्तके तोवर मोजकीच होती. त्यामुळे त्या दशकातील ग्रंथालयाविषयी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कपाटात कोणत्या भाषेची पुस्तके होती आणि सभासदांच्या यादीत कोणाची नावे होती? अधिकाऱ्यांचे वाचनगृह पुढे नगरवासीयांना खुले झाले असेल, तर दोन्ही वर्षे स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजेत. अशी नोंद केल्याने संस्थेचा मान कमी होत नाही. उलट ती लोकांची कशी झाली याचा इतिहास हाती येतो.

एका संस्थेच्या अनेक तारखा

ग्रंथालयाच्या जीवनात पाच तारखा महत्त्वाच्या असतात : ग्रंथालय काढावे असे ठरविणारी सभा, पुस्तकांची देवघेव प्रत्यक्ष सुरू झाल्याचा दिवस, कायद्यान्वये नोंदणी, नामांतर आणि स्वतःच्या इमारतीत स्थलांतर. बहुतेक गोंधळ या तारखा एकमेकींत मिसळल्याने होतो. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा व मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. अनेक जुन्या संस्थांनी १९५० नंतर नोंदणी केली. त्यांच्या प्रमाणपत्रावरील तारीख हा नोंदणीचा पुरावा आहे, जन्माचा नव्हे. याउलट, सभा झाली म्हणून ग्रंथालय निघाले असेही गृहीत धरता येत नाही. देवघेव सुरू झाल्याचा दिवस हीच स्थापनेची सर्वांत भक्कम तारीख समजावी आणि इतर तारखा तिच्या बाजूला लिहाव्यात.

नावावरून वय ठरविणेही धोक्याचे असते. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे नाव एकाहून अधिक शहरांत होते. गावाचे नाव नसलेला उल्लेख भलत्याच संस्थेच्या खात्यावर जमा होऊ शकतो. तसेच कर्जत-नेरळ भागातील एखाद्या वाचनालयाला हुतात्मा भाई कोतवाल यांचे नाव असेल, तर ते नाव २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे त्यांना आलेल्या हौतात्म्यानंतरचे, हे उघड आहे. संस्था मात्र त्याआधीची असू शकेल.

पोशीर परिसरासाठी एक उदाहरण

कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावात अशी तपासणी करावयाची झाल्यास काय करावे, हे उदाहरणाने पाहू. समजा, एका जुन्या पेटीत वाचनालयाची वर्गणी-पुस्तके, पावत्या आणि शिक्के सापडले. परंतु त्यांवर वर्ष नाही. अशा वेळी कागदच आपले वय सांगतो.

कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. नंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि कुलाब्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. म्हणून 'जिल्हा ठाणे' असा उल्लेख असलेला कागद सामान्यतः १८९१ पर्यंतचा, 'जिल्हा कुलाबा' असलेला १८९१ ते १९८० या काळातला आणि 'जिल्हा रायगड' असलेला त्यानंतरचा मानता येईल. पावतीवर रुपये-आणे-पै असेल, तर ती १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीची असण्याचा संभव अधिक. 'नये पैसे' असतील, तर ती त्यानंतरच्या काही वर्षांतली. शिक्क्यात पिन कोड असेल, तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ पूर्वी तयार झालेला असू शकत नाही. 'जिल्हा परिषद' हा उल्लेख १ मे १९६२ नंतरचा. लोक जुन्या सवयीने जुने नाव काही काळ वापरीत राहतात. परंतु पुढे येणारे नाव आधी कोणी वापरीत नाही. म्हणून कागदावरील सर्वांत अलीकडची खूण निर्णायक मानावी.

याच इतिहासातून दुसरी गोष्ट निघते. ठाणे जिल्ह्याचा जुना गॅझेटियर १८८२ मध्ये आणि कुलाब्याचा १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी कर्जत व त्याचा खालापूर पेटा ठाण्यात असल्याने या भागाची माहिती ठाण्याच्या खंडात शोधावी लागते. केवळ कुलाब्याचा खंड चाळून 'उल्लेख नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मुंबईतील राज्य पुराभिलेखागारातील कागदपत्रे शोधतानाही हाच जिल्हाबदल ध्यानात ठेवावा.

शक आणि सन

जुन्या नोंदी पुष्कळदा शकात असतात. सर्वत्र ७८ मिळविले की सन निघतो, ही समजूत अपुरी आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय जून महिन्यात निघाले. शके १८१५ अधिक ७८ म्हणजे १८९३. उलट शिवाजी महाराजांच्या जन्माची, जेधे शकावलीतील तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे; तेथे ७९ मिळविल्यावर १६३० हे वर्ष येते. लोकमान्य टिळकांनी ही शकावली प्रसिद्धीस आणल्यावर १६२७ हे रूढ वर्ष मागे पडत गेले. रूढ समजुतीपेक्षा जुना कागद अधिक बोलतो, याचे याहून परिचित उदाहरण नाही. नोंद मोडीत असेल, तर जाणकाराकडून ती वाचून घ्यावी व देवनागरी प्रतीसोबत मूळ पान जपून ठेवावे.

ग्रंथ, स्मरणिका आणि आठवणी

कपाटातील सर्वांत जुने पुस्तक दाखवून ग्रंथालयाचे वय सांगण्याची प्रथा आहे. परंतु १८७० साली छापलेले पुस्तक कोणी १९३० साली भेट दिलेले असू शकते. पुस्तकाचे प्रकाशनवर्ष शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत पडताळता येते; ते ग्रंथालयात कधी आले हे मात्र दाखल नोंदवही व आतील शिक्का हेच सांगतात.

स्मरणिकांच्या बाबतीत एक तत्त्व पाळावे. दहा स्मरणिकांत एकच वर्ष असले, तरी नऊ जणांनी ते पहिलीवरून उतरवून घेतले असेल, तर साक्षीदार एकच ठरतो. त्या पहिल्या लेखकाने ते वर्ष कोठून घेतले, हे शोधावे. इतिहासाचार्य राजवाडे आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मूळ कागदाचा जो आग्रह धरला, तो गावच्या वाचनालयालाही तितकाच लागू आहे.

वृद्धांच्या आठवणी टाकाऊ समजू नयेत. सन सांगताना स्मृती चुकते, प्रसंग सांगताना ती सहसा पक्की असते. 'कोणत्या साली?' असे विचारण्याऐवजी 'तेव्हा गुरुजी कोण होते?', 'स्वातंत्र्य मिळाले होते काय?', 'पुस्तके कोणाच्या ओटीवर ठेवीत?' असे विचारावे. गुरुजींचे नाव मिळाले, की शाळेच्या दप्तरावरून त्यांचा कार्यकाल कळतो आणि आठवणीला कागदाचा आधार मिळतो.

निष्कर्षाची मांडणी

तपासणी पूर्ण झाल्यावर निष्कर्ष पुराव्याच्या मापाने लिहावा. पहिली समकालीन नोंद १९२४ ची असेल, तर 'स्थापना : १९२४ किंवा त्यापूर्वी' असे लिहावे. परंपरेने सांगितले जाणारे वर्ष वेगळे असेल, तर तेही 'परंपरेनुसार' या शब्दासह शेजारी द्यावे. कोणता कागद, कोणाच्या ताब्यात, कोणत्या पानावर ही माहिती ठरावात नमूद करावी, म्हणजे पुढील पिढीला तो कागद पुन्हा पाहता येईल.

या कामास मोठा खर्च लागत नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना वृद्धांच्या मुलाखती व जुन्या पावत्या जमविण्याच्या कामी लावावे. ग्रामपंचायतीने आपले जुने दप्तर वाळवीपासून वाचवून त्याची यादी करावी. अधिकाऱ्यांनी दाखल्यावर सही करण्यापूर्वी मूळ नोंद पाहण्याचा परिपाठ ठेवावा. सत्तर वर्षांचे खरे वाचनालय शंभर वर्षांच्या संशयित वाचनालयापेक्षा गावाला अधिक भूषणावह आहे. ज्या घरात खरेखोटे पारखण्याची साधने ठेवलेली असतात, त्या घराच्या दारावरील वर्ष तरी पारखून लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.