ट्रॉलीचा आस

बैलगाडीचा आस तुम्हाला ठाऊक आहे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही आस असतो. त्याला ॲक्सल म्हणतात. काम तेच, पण ओझे किती तरी जास्त. उसाने भरलेली ट्रॉली रात्रीची रस्त्याने जाते. शेजारून सायकलवाले जातात, पायी माणसे जातात. अशा वेळी चाक निघाले तर ऊस सांडेल तो सांडेल, पण माणूसही दगावेल. म्हणून उसाचा हंगाम लागण्याआधीच आस तपासावा.

आधी यू-बोल्ट पाहा. हे बोल्ट पाटे आणि आस यांना एकत्र आवळून धरतात. एका बाजूला दोन, म्हणजे एका आसाला चार. नटाजवळ ताजी लाल भुकटी दिसते का? मग तो नट ढिला आहे आणि लोखंड लोखंडावर घासते आहे. आटे झिजले असतील, बोल्टला चीर असेल, तर तो बदलाच. त्याचा जोडीदारही बदला. जुना तापवून सरळ करून पुन्हा बसवू नका. चार पैसे वाचतील, पण भरवसा जाईल.

दुकानात जाताना जुना बोल्ट बरोबर न्या आणि तीन मापे वहीत लिहून न्या: सळईची जाडी, दोन पायांमधले आतले अंतर, पायाची लांबी. आस चौकोनी असेल तर बोल्टाचा माथाही चौकोनी लागतो. गोल आसाला गोल. दुकानदार म्हणेल, "हा घ्या हो दादा, सगळ्यांना बसतो." सगळ्यांना बसणारा बोल्ट अजून कोणी घडवलेला नाही!

आता तुम्हाला आकडे वाचता येतात. त्यांचा इथे उपयोग होतो. पाट्यांच्या मधोमध एक उभा बोल्ट असतो. अशा बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेले पाहा. पहिला ८ ताकद सांगतो. असा बोल्ट तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोचा ताण सोसतो. ४.६ चा बोल्ट त्याच्या निम्माच सोसतो. दिसायला दोघे सारखेच, बरं का!

बेअरिंगच्या कडेवरही आकडे असतात. समजा, ३०२०६ आहे. शेवटचे दोन आकडे घ्या, ०६. त्याला ५ ने गुणा. आले ३०. म्हणजे आतले भोक ३० मिलिमीटरचे. ३२२०८ चे भोक ४० मिलिमीटरचे. काही बेअरिंगांचे माप इंचात असते; त्यांना हा हिशेब लागू नाही. तिथे नंबर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगे असतात. बहुधा आतले मोठे, बाहेरचे लहान. बेअरिंग बदलले की त्याची बाहेरची कडीही नवीच घालावी.

काम सपाट, टणक जागी करा. ट्रॉली रिकामी हवी. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. जॅकने उचलल्यावर खाली मजबूत घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॉलीखाली शिरू नये, मिस्त्रीनेसुद्धा.

मधल्या बोल्टाचे डोके आसावरच्या भोकात नीट बसले का, ते पाहा. मग यू-बोल्टाचे नट थोडे थोडे, आळीपाळीने समोरासमोर आवळा. एकच नट एकदम आवळला तर पाटा तिरका बसतो.

बेअरिंग घासलेटने धुवा, वाळवा. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोळांच्या आतपर्यंत दाबा. नुसते वरून चोपडून भागत नाही. हब चढवा. खाचांचा नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा. चाक जड फिरू लागले की नट थोडा मागे घ्या. चाक मोकळे फिरावे, पण वर-खाली हलवल्यास खडखडू नये. आता स्प्लिट पिन घाला आणि तिची टोके फाकवा. पिन दर वेळी नवीच हवी. बैलगाडीची खीळ ती हीच!

ट्रॉली चाकांवर उतरवा आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळा. थोडी चालवून हबला हात लावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट फार आवळला गेला आहे. तो सैल करून, नवी पिन घालून पुन्हा बसवा. भरलेली पहिली खेप झाली की यू-बोल्टाला परत पाना लावा. नवे बोल्ट ओझ्याखाली थोडे बसतात, म्हणून नट ढिले पडतात.